वडाखालचा डोह

बोरिवली,
रविवार, १३ एप्रिल १९५८

मधुभाऊजी,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहिते. तुम्ही तो घ्याल की पाकिटासकट चुलीत घालाल, ते कोयनानगरातल्या तुमच्या खोलीलाच ठाऊक. हे माझं चौथं पत्र. दिवाळीला एक लिहिलं, संक्रांतीला तिळगूळ घालून एक, होळीला एक. एकाचंही उत्तर नाही. धरणाच्या कामावर सिमेंटच्या गोदामात बसणाऱ्या माणसाला दोन ओळी खरडायला सवड मिळत नाही, हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटायचं नाही.

तुमच्या दादांनी सांगितलं म्हणून लिहितेय असं समजू नका. त्यांना पत्ता लागला तर पेन हिसकावून घेतील. ते पहाटेच नदीवर गेलेत. रविवार आहे ना! आठवडाभर फोर्टातल्या कचेरीत विम्याचे कागद चाळायचे आणि रविवारी वडाखालच्या डोहावर गळ टाकून बसायचं, हा क्रम अजून तोच. फरक एवढाच, की गेल्या वर्षीपर्यंत शेजारी तुम्ही असायचात. आता एकटेच बसतात आणि घरी आल्यावर सगळा राग माझ्यावर.

नदी यंदा आत्ताच उतरलीय. दहिसरकडची धार केव्हाच तुटली. खडकाखडकांतून चार डोह उरलेत, त्यात मोठा तो आपला वडाखालचा. गुडघाभर पाण्यात तळ दिसतो. बायका धुणं तिथेच धुतात, म्हशी तिथेच बसतात, आणि दादा काठावरून ओरडतात, "अरे, जरा तरी लाज बाळगा! खाली जीव आहेत!" म्हशींना काय कळणार? बायकांना कळतं, पण त्याही आता हसतात.

मला वाटलं होतं गेल्या वर्षीचं सगळं यंदा विसरायला होईल. उलट पाणी जसं खाली जातंय तसं ते वर येतंय. तुम्हाला ते सांगायला नको, तरी लिहिते, कारण या घरात ते बोलायची बंदी आहे.

गेल्या मे महिन्यात असंच पाणी आटलं होतं. दादांनी काठावरच्या सगळ्या वस्तीला गोळा करून कबूल करून घेतलं होतं, की पाऊस पडेपर्यंत डोहात जाळं नाही, टोपली नाही, फक्त गळ. म्हणजे माशांचं बी राहील. लोकांनी मानलं. दादा केवढे मिरवत होते! आणि एकोणीस तारखेच्या रविवारी सकाळी जाऊन बघतात तर डोहभर मासे उताणे, पांढरी पोटं वर. काठावर शेराच्या फांद्या पडलेल्या. शेराचा चीक पाण्यात घातला की मासे मरतात हे पोराटोरांनाही ठाऊक. आणि त्या फांद्या तुम्हीच तोडल्या होत्यात, परसातल्या कुंपणासाठी, आणि उरलेल्या तिथे टाकल्या होत्यात, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

दादांनी विचारलं, "काल दुपारपासून दिवेलागणीपर्यंत कुठे होतास?"

तुम्ही म्हणालात, "सांगणार नाही."

मग त्यांनी तुम्हाला सगळ्या वस्तीसमोर थोबाडीत मारली. तेवीस वर्षांच्या भावाला. दुसऱ्या दिवशी तुम्ही ट्रंक उचलून गेलात.

त्या शनिवारी तुम्ही कुठे होतात हे त्या काठावर दोनच माणसांना माहीत होतं. एक तुम्ही. दुसऱ्याचं नाव आज लिहवत नाही.

शुभा विचारते, काका कधी येणार. तिला तरी उत्तर द्या.

तुमची वहिनी,
पद्मजा

—

बोरिवली,
सोमवार, २८ एप्रिल

मधुभाऊजी,

तुमचं कार्ड पोचलं. "मी खुशाल आहे. कृपया पत्र पाठवू नये." सात शब्द! मी तुम्हाला बाराव्या वर्षापासून गरम भात वाढला, तुमच्या मॅट्रिकच्या गणितासाठी तुमच्याबरोबर जागले, त्याची ही पावती. 'कृपया' हा शब्द तेवढा कुठून शिकलात? आपल्या घरात तर कुणी वापरत नाही.

पत्र पाठवू नये म्हणता, म्हणून पाठवतेय. राग आला तर पुन्हा कार्ड टाका. तेवढंच तुमचं अक्षर दिसेल.

इथे मी अगदी टेकीला आलेय. तुमच्या दादांनी उन्हाळ्यात गळ टाकून गरवण्याचे नवे नियम काढलेत आणि ते मासे सोडून घरातली सगळी माणसं पाळतात. पाणी उतरलं की ते नितळ होतं, मग माशाला काठावरची सावली दिसते. म्हणून उभं राहायचं नाही, बसून सरकायचं. मळकट कपडे घालायचे. माझं लाल पातळ नदीवर न्यायचं नाही. चपला वाजवायच्या नाहीत, खडकातून हादरा खाली जातो. दोरा केसासारखा बारीक हवा, गरी लहान हवी. सूर्य वर आला की मासा खडकाखालच्या सावलीत शिरतो आणि संध्याकाळपर्यंत तोंड उघडत नाही, म्हणून पहाटे साडेचारला निघायचं. म्हणजे मी चारला उठायचं!

एवढं करून तीन रविवार झाले, घरी काय आलं? एक बोटाएवढी शिंगटी. तीसुद्धा तिचा काटा ह्यांच्या अंगठ्यात मोडून. तीन रविवार मी खोबरं-तिरफळं वाटून ठेवते आणि तीन रविवार त्या वाटणात बटाटे घालते. बाजारातून बोंबील आणते म्हटलं तर, "नदी दाराशी असताना बाजारचा मासा?" आता दाराशी नदी आहे, पण नदीत पाणी नाही, हे ह्यांना कोण सांगणार?

मला कळतं, ते गरवायला जातच नाहीत. राखण करायला जातात. गळ पाण्यात असतो आणि डोळे काठावर. कुणी डोहाकडे वळलं की विचारतात, "हातात काय आहे?" परवा धुण्याचं गाठोडं सोडून दाखवायला लावलं एका बाईला. तिने घरी येऊन मला ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एकटे काशीरामकाका तेवढे त्यांच्याजवळ बसतात. तेच ते, मिलमधून सुटल्यावर नदीकाठी अळू आणि मुळा लावणारे, आपल्या वेंगुर्ल्याकडचे. आठवतं ना, गेल्या वर्षी तुम्हाला मारलं तेव्हा ते एकटेच म्हणाले होते, "दत्ताराम, ह्या वीख नाय. पाणीच तापलाहा." तेव्हा दादांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. म्हातारा तरी रोज येतो. काल मला म्हणाले, "पद्मजा, मधूचा पत्र येता काय?"

मी म्हटलं, "येतं तर. खुशाल आहेत."

खोटं नव्हतं ते. सात शब्दांतला पहिला भाग तरी.

पद्मजा

—

बोरिवली,
शुक्रवार, ९ मे

मधुभाऊजी,

आज कागदावर ते लिहायचंच असं ठरवून बसलेय. दादा कचेरीत, शुभा शेजारी. दोनदा टाक बुडवला आणि दोनदा वाळला.

गेल्या वर्षी त्या शनिवारी तुम्ही अंधेरीला गेला होतात. माझा अर्ज घेऊन. मुलींच्या शाळेत मास्तरणीची जागा होती. माझी मॅट्रिक, माझं अक्षर, आणि माझ्यात एकटीने घराबाहेर पडायची हिंमत नाही. शेवटची तारीख होती. मी तुम्हाला अर्ज दिला आणि शपथ घातली, दादांना सांगायचं नाही. तुम्ही म्हणालात, "वहिनी, मुलाखतीला बोलावलं की मीच दादाला सांगतो, बघ." एरवी तुम्ही मला 'अहो वहिनी' म्हणायचात. आनंदात होतात म्हणून 'बघ' म्हणालात. शाळेतल्या बाई भेटेपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिलात आणि दिवे लागल्यावर परत आलात.

दुसऱ्या दिवशी काठावर ह्यांनी विचारलं, तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी चार हातांवर उभी होते. मी पदर सारखा केला. एवढंच केलं मी.

मला वाटलं, आत्ता राग तापलेला आहे, रात्री सांगू. रात्री वाटलं, सकाळी सांगू. सकाळी तुम्ही गेलात. मग वाटलं, आता सांगून काय उपयोग, घरात आणखी एक भांडण. माणसाला घाबरायला कारणं फार लवकर सापडतात, भाऊजी. आठ दिवसांनी अंधेरीहून मुलाखतीचं बोलावणं आलं. ते मी चुलीत घातलं. म्हणजे तुम्ही मार खाल्लात, घर सोडलंत, आणि ज्यासाठी हे सगळं झालं ते मीच जाळलं. माझाच मला एवढा संताप येतो, की तुमच्या दादांवरचा राग त्यापुढे काहीच नाही.

आणि आता ऐका. गेले चार दिवस पहाटे डोहात मासे वर येतात. पाण्याच्या वर तोंडं काढून 'आ' करून उभे. ऊन तापलं की उरलेसुरले खाली जातात. पाणी हात घालून बघितलं तर न्हाणीतल्यासारखं कोमट. वडाची पानं पडून कुजलीत, वर हिरवी साय आलीय. काशीरामकाका म्हणाले, "बघ दत्ताराम, माशांका दम लागता. गेल्या वर्षी ह्याच झाला."

दादा काय म्हणाले असतील? "तुम्हाला काय कळतं? तुमचा जन्म मिलमधल्या साच्यावर गेला."

काल जेवताना मी म्हटलं, "काकांचं खरं असलं तर?"

"तर काय?"

"तर गेल्या वर्षी कुणीच काही केलं नव्हतं."

त्यांनी घास खाली ठेवला. "मग तो कुठे होता ते का सांगितलं नाही त्याने? साव माणसाला लपवायला काय झालं?"

माझ्या तोंडात शब्द होता. भाऊजी, अगदी जिभेवर होता. शुभाने पाणी मागितलं आणि मी उठले.

हे पत्र मी टाकणार आहे. तुम्हाला सगळं माहीतच आहे. पण मी ते माझ्या हाताने लिहिलं, एवढं तरी तुमच्याकडे असू द्या. हवं तर दादांनाच पाठवा. मी नाही म्हणणार नाही.

पद्मजा

—

बोरिवली,
सोमवार, १९ मे

मधुभाऊजी,

काल काय झालं ते सविस्तर लिहिते. खांदे दुखतायत, हाताला घागरीच्या काठाचे वळ आहेत, अक्षर वाकडं येईल. सांभाळून घ्या.

काल पहाटे काशीरामकाकांनी दार वाजवलं. "दत्ताराम, ऊठ. मासे वर इले, सगळेच्या सगळे."

दादा तसेच धावले, मी मागोमाग. उजाडत होतं. डोह आता आपल्या दोन खोल्यांएवढासुद्धा उरला नाही. त्या एवढ्याशा पाण्यात भाताला आधण यावं तसं सगळं हलत होतं, तोंडंच तोंडं. काठाला बारीक मासे पांढरे होऊन लागले होते. धुण्याला आलेल्या बायका गाठोडी घेऊन तशाच उभ्या. वरच्या पाड्यातली माणसंही आली होती.

दादा म्हणाले, "यंदाही. यंदाही घातलं कुणीतरी." आणि वळून त्यांनी काशीरामकाकांचा दंड धरला. "सगळ्यांच्या आधी तुम्हाला कसं कळलं? रोज इथे तुम्ही असता. गेल्या वर्षीही तुम्हीच म्हणत होतात वीख नाही, वीख नाही. का म्हणत होतात?"

"अरे, हात सोड माझो."

"आधी सांगा!"

म्हातारा सत्तर वर्षांचा. दंड केवढासा, ह्यांच्या मुठीत मावला. मी बघत होते. गेल्या वर्षी जिथे उभी होते त्याच खडकावर होते, आणि पुन्हा तसंच घडणार होतं. फक्त माणूस बदलला होता.

मी ओरडले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. "सोडा त्यांना! गेल्या वर्षी मधुभाऊजींनी काही केलं नव्हतं आणि यंदा काकांनी काही केलं नाही. भाऊजी त्या शनिवारी अंधेरीला होते. मी पाठवलं होतं. माझ्या नोकरीचा अर्ज घेऊन. मी शपथ घातली म्हणून ते बोलले नाहीत, आणि मी... मी उभी राहून बघत होते."

दादांची मूठ सुटली.

काकांनी दंड चोळला आणि म्हणाले, "ता मागीर बोला. आदी मासे काढा." मग बोट दाखवलं. "थंय बघ दत्ताराम, खडकातून बारीक झरो येता थंय. सगळे थंयच गर्दी करतत. वीख असता तर त्या चार थेंबांनी वाचले असते काय? त्यांका थंड पाणी होया."

दादांनी पाहिलं. नदीचं त्यांना कळतं, भाऊजी. कळून घ्यायचं नसतं तेव्हाच ते आंधळे होतात. त्यांनी धोतर वर खोचलं आणि पाण्यात उतरले. "पद्मा, तुझं जुनं पातळ आण. घागरी आण, डबे आण, जे असेल ते."

वरच्या अंगाला, जंगलाच्या तोंडाशी कातळात एक कोंड आहे, उन्हाचा कवडसाही न लागणारा. तिथे माणसाच्या वर पाणी आहे. इथून चालत दहा मिनिटं. दादा आणि पाड्यातला एक माणूस माझं पातळ दोन टोकांना धरून पाण्यातून ओढत होते आणि आम्ही बायका घागरी भरून पळत होतो. दादा ओरडत होते, "गर्दी करू नका घागरीत! दहा म्हणजे दहाच! त्यांना हात लावू नका, अंगाची बुळबुळ जाते!" त्या गाठोडंवालीने, जिला गाठोडं सोडायला लावलं होतं, तिने सगळ्यांत जास्त खेपा केल्या. आणि प्रत्येक खेपेला ह्यांना म्हणायची, "बघा भाऊ, घागरीत काय आहे ते, बघून घ्या." मला त्यातही हसू आलं आणि लगेच रडू आलं.

ऊन चढेपर्यंत चाललं. पुष्कळ वाचले. पुष्कळ मेलेही. मेलेले लोकांनी वाटून नेले. दादांनी अडवलं नाही.

सगळे गेल्यावर आम्ही दोघं वडाच्या मुळावर बसलो. ते अंगभर चिखलाने माखलेले. डोहात आता दोन मोठ्या मरळ तेवढ्या राहिल्या होत्या, खुशाल फिरत होत्या. ते त्यांच्याकडे बघत म्हणाले, "मरळ वर येऊन हवा घेते. पाणी नासलं तरी ती मरत नाही."

मी म्हटलं, "बरं मग?"

"गेल्या वर्षीही मरळ जिवंत होत्या. वीख असतं तर त्याही गेल्या असत्या. मी पाहिल्या होत्या पद्मा. आधी पाहिल्या आणि मग मधूला मारलं."

"मग का मारलंत?"

ते बोटांमधला चिखल काढत राहिले. "डोह मी राखतो म्हणून सगळ्यांना सांगत होतो. मासे मेले तेव्हा मला चोर हवा होता. नाहीतर मीच वेडा ठरलो असतो." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तू मला अर्जाचं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

त्यांनी विचार केला. खरंच केला. "नाही म्हणालो असतो."

"म्हणून."

घरी आल्यावर ते न्हाले, आणि चार तास झोपले. मी मात्र बसून राहिले. एक वर्ष मी जे भांडण टाळत होते ते एवढंसंच निघालं, याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. एवढ्याशासाठी तुम्ही गेलात, असंच वाटत राहिलं.

पद्मजा

—

बोरिवली,
मंगळवार, ३ जून

मधुभाऊजी,

माझ्या दोन लांबलचक पत्रांना उत्तर नाही. ठीक आहे. यावेळी मागत नाही. फक्त वर्दी देते: तुमचे दादा गुरुवारी निघतायत. पुण्याहून कराड, तिथून एसटी. शुक्रवारी दुपारपर्यंत तुमच्या दारात उभे राहतील.

गेल्या पंधरा दिवसांत त्यांनी तुम्हाला किती पत्रं लिहायला घेतली आणि फाडली! शेवटी मी म्हटलं, "कागद फाडता आहात त्यापेक्षा तिकीट काढा." त्यावर रागावले. संध्याकाळी रजेचा अर्ज लिहीत बसलेले दिसले.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, ती ते तुम्हाला सांगणार नाहीत. दोन रविवार नदीकाठच्या एकेका घरी गेले. गेल्या वर्षी जे जे तिथे उभे होते त्यांच्या दारात जाऊन म्हणाले, "माझ्या भावाने काही केलं नव्हतं. मी चुकलो." तेवढंच. चहाला बसले नाहीत. काशीरामकाकांकडे गेले तेव्हा काका म्हणाले, "माका कित्याक सांगतस? माका ठाऊक होता." परत येताना दादांच्या हातात अळूची जुडी होती आणि चेहरा असा, की मी काही विचारलं नाही.

मी त्यांच्याबरोबर येणार होते. म्हणाले, "नको. आधी मी." मला वाईट वाटलं, पण खरं म्हणजे सुटल्यासारखंही झालं. हेही लिहूनच ठेवते. आता लपवायचा कंटाळा आलाय.

ते तुमच्यासमोर सरळ माफी मागतील अशी आशा धरू नका. पाण्याबद्दल बोलतील. कोयनेला किती पाणी आहे, तळ कसला आहे, मासा कुठे बसतो. तुम्ही दार लावून घेतलंत तरी मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. पण ऐकलंत तर पूर्ण ऐका. ते मुद्द्यावर यायला दुपार लावतात.

शनिवारी मी स्वतः अंधेरीला गेले. एकटी. शाळेच्या बाई भेटल्या. चांगल्या बोलल्या. ती जागा गेल्याच जूनमध्ये भरली. माझं नाव त्यांनी वहीत लिहून घेतलं, पुढे कधी निघाली तर कळवू म्हणाल्या. त्या वर्गाच्या दारावर दुसऱ्या एका बाईंचं नाव आहे आता.

पद्मजा

—

बोरिवली,
रविवार, २२ जून

मधुभाऊजी,

दादा परत आले. चार दिवसांची रजा काढून गेलेला माणूस आठ दिवसांनी आला, कचेरीतून दोनदा शिपाई येऊन गेला, आणि घरी आल्यावर पहिलं वाक्य काय? "कोयनेच्या खडस माशाला आपल्या गरीने काही होत नाही." मी कपाळाला हात लावला.

हळूहळू एकेक बाहेर येतंय. तुम्ही पहिल्या दिवशी बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी धरणाच्या खालच्या अंगाला घेऊन गेलात. तिथे दोघं बसलात, आणि ह्यांनी सांगितलं. काय सांगितलं ते मला सांगत नाहीत. "झालं बोलणं," एवढंच. तुम्ही गणपतीला चार दिवस येणार म्हणालात, हे मात्र तीनदा सांगून झालं. वस्तीतही सांगून आले. शुभाने तर पाटीवर लिहून ठेवलंय.

मग मी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाले?"

दादा गरीचा दोरा गुंडाळायला लागले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, निघायच्या दिवशी एसटी सुटता सुटता तुम्ही खिडकीशी येऊन विचारलंत, "वहिनीची शाळा?" ह्यांनी सांगितलं, जागा भरली. तुम्ही म्हणालात, "मग सगळं फुकटच गेलं." आणि गाडी सुटली.

भाऊजी, आठ दिवस मी या वाक्याला उत्तर शोधतेय. कधी तुमचा राग येतो. आठ पत्रं लिहिली, ते एक कार्ड सोडलं तर हेच एक उत्तर, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून! दोघं भाऊ दोन दिवस पाण्याकडे बघत बसलात आणि तुमचं मिटलं. मारणाऱ्याचं मिटलं, गप्प बसणारीचं नाही. आधी हे मला अन्यायाचं वाटलं. काल भाकऱ्या थापताना वाटलं, बरोबरच आहे. त्यांनी तुम्हाला चोर समजून मारलं. मला तर तुम्ही चोर नाही हे माहीत होतं.

म्हणून फुकट गेलं नाही असं मी म्हणत नाही. गेलं. तुमचं एक वर्ष आणि माझी ती जागा, दोन्ही. भरून देण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

जे आहे ते सांगते. इथल्या शाळेत एक बाई बाळंतपणाच्या रजेवर जातायत, तीन महिन्यांची जागा आहे. काल सकाळी दादांना चहा देताना मी म्हटलं, "मी अर्ज करणार आहे." त्यांनी पेपर खाली घेतला. तोंडावर 'नाही' आलेलं मला स्पष्ट दिसलं. ते त्यांनी गिळलं, आणि म्हणाले, "शुभाला कोण बघणार?" मी म्हटलं, "ते आपण दोघं ठरवू." भांडण झालं. चांगलं तासभर झालं. भिंतीपलीकडच्यांनी ऐकलं असेल. अर्ज मी दुपारी देऊन आले.

गणपतीला या. दादांसाठी येताय, शुभासाठी येताय, मला माहीत आहे. माझ्यावरचा राग तिकडे खोलीत ठेवून येऊ नका. तो घेऊनच या. घर दोनच खोल्यांचं आहे, पण त्यालाही जागा करू.

तुमची वहिनी,
पद्मजा